काचेचं काम घरात, मग विमा कोणता?

घराचा विमा आहे म्हणजे घरातल्या धंद्याचाही विमा झाला, असं बहुतेक जण धरून चालतात. काचेच्या वस्तू घरी बनवणाऱ्यांनी हा समज सगळ्यात आधी सोडून द्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यात कुणी मागच्या खोलीत छोटी विजेची भट्टी ठेवून काचेच्या थाळ्या करतं, कुणी रंगीत काचेचे तुकडे जोडून दिवे बनवतं, कुणी ज्योतीवर काच वितळवून मणी ओढतं, तर कुणी बचत गटातून काचेवर चित्रं रंगवून विकतं. चौघांची जोखीम वेगळी आहे. म्हणून चौघांना एकच पॉलिसी पुरणार नाही. तरीही शोध कुठून सुरू करायचा, हे मात्र सगळ्यांना सारखंच लागू आहे.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांना तीन ठरावीक पॉलिसी ठेवायला लावल्या. राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणी 5 कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे 50 कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. घरगुती काचकाम करणाऱ्याचा संबंध पहिल्या दोन पॉलिसींशी येतो.

गृह रक्षा ही घरासाठी चांगली पॉलिसी आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातलं सर्वसाधारण सामान इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप त्यात येतं. पण इथे सामान म्हणजे पलंग, कपाट, फ्रिज, भांडीकुंडी. विक्रीसाठी रचून ठेवलेले चाळीस दिवे, काचेचे तक्ते, कटर, ग्राइंडर आणि भट्टी हे घरगुती सामान नव्हे. त्यासाठी सूक्ष्म उद्यम सुरक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते. माझा सल्ला असा, की दोन्ही पॉलिसी शक्यतो एकाच कंपनीकडून घ्या आणि घराच्या अर्जातही ‘एका खोलीत काचकामाचा व्यवसाय चालतो’ हे लिहा. कंपनीने ते लेखी मान्य केलं, तर प्रश्न मिटला. व्यवसायासाठी वापरली जाणारी इमारत गृह रक्षेत घेणार नाही असं तिने सांगितलं, तर ती खोली किंवा इमारतच व्यवसायाच्या पॉलिसीत घाला. हप्ता थोडा वाढेल, पण आगीनंतर ‘घर राहण्यासाठी होतं, तुम्ही तिथे भट्टी चालवलीत’ हे वाक्य ऐकावं लागणार नाही.

विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो आणि त्या विश्वासाची परीक्षा नुकसान झाल्यावर होते. तोवर कुणी काही विचारत नाही. नुकसान तपासणारा सर्वेअर घरी आल्यावर त्याला भट्टी दिसते, सिलिंडर दिसतात, आणि अर्जातल्या ‘हस्तकला’ या एका शब्दाशी त्याचा मेळ बसत नाही. तिथून वाद सुरू होतो.

काच या जिल्ह्याला काही नवी नाही. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाला उत्खनन केलं, त्यात काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे मिळाले. जिल्ह्याबाहेर 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडातून काचेचा कारखाना निघाला, कराडजवळ ओगलेवाडी कंदिलांसाठी घरोघर माहीत झाली. एवढं असूनही घरातल्या काचकलेचं नेमकं नाव अर्जात तयार मिळेलच असं नाही. मग एजंट जवळचं काहीतरी लिहून टाकतो. ‘काच उत्पादन’ लिहिलं तर मोठ्या भट्टीच्या कारखान्याच्या हिशेबाने हप्ता लागू शकतो, ‘भेटवस्तू विक्री’ लिहिलं तर हप्ता कमी येतो आणि दावा लटकतो. दोन्ही नकोत. स्वतः बसून चार ओळी लिहा: कोणतं काम करता, उष्णता वापरता का, वीज की गॅस, भट्टी किती किलोवॉटची, सिलिंडर किती आणि कुठे ठेवता, रंग आणि थिनर किती लिटर असतात, मदतीला कोण आहे, गिऱ्हाईक घरी येतं का. हा कागद अर्जाला जोडा आणि त्याच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घ्या. ऑनलाइन अर्ज असेल तर हाच मजकूर ई-मेलने पाठवून उत्तर मागा. विमा शोधण्याच्या सगळ्या खटाटोपात हा एक कागद मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. काच फुटली तर? स्पष्टच सांगतो, काम करताना फुटणाऱ्या काचेचा विमा शोधत बसू नका. कापताना तडा गेला, भट्टीतून थाळी लवकर काढली आणि ती दुभंगली, फळीवरून दिवा पडला, हे सगळं कंपनीच्या दृष्टीने धंद्यातला नेहमीचा तोटा आहे. सूक्ष्म उद्यम सुरक्षेत आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल, वाहनाची धडक, टाकी फुटून पाणी घुसणं अशी कारणं नावानिशी दिलेली असतात. त्यांपैकी एखाद्या कारणाने माल गेला तर भरपाई मिळते, हातातून निसटला तर नाही. ‘प्लेट ग्लास इन्शुरन्स’ हे नाव ऐकून काही जण हुरळतात. तो विमा दुकानाच्या दर्शनी भागात बसवलेल्या मोठ्या काचांसाठी असतो, विक्रीच्या मालासाठी नाही. रोजच्या फुटीचा खर्च वस्तूच्या किमतीतच धरा आणि विम्याचा पैसा अशा ठिकाणी लावा, जिथे एका फटक्यात सगळं जाऊ शकतं.

भट्टीचंही असंच. शॉर्टसर्किटने भट्टीची कॉइल जळाली, तर ते त्या यंत्राचं स्वतःचं विद्युत नुकसान ठरतं आणि आगीच्या पॉलिसीतून सहसा वगळलेलं असतं. त्याच शॉर्टसर्किटने पडदा पेटून खोली जळाली, तर त्या आगीची भरपाई मिळते. यंत्र बिघाडाचा वेगळा विमा असतो, पण लाख-सव्वा लाखाच्या भट्टीसाठी त्याचा हप्ता भरण्यापेक्षा चांगला इलेक्ट्रिशियन, योग्य जाडीची वायर आणि वेगळा ब्रेकर यांवर खर्च केलेला बरा.

विमा रक्कम किती ठेवायची, इथे मात्र घाई नको. हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि तीच नंतर महागात पडते. समजा तुमची भट्टी, अवजारं, कच्ची काच आणि तयार माल मिळून 4 लाखांचा ऐवज आहे आणि तुम्ही विमा 2 लाखांचा घेतला. आगीत 1 लाखाचा माल गेला. तुम्हाला वाटेल, 2 लाखांच्या आतलं नुकसान आहे, पूर्ण मिळेल. प्रत्यक्षात विमा निम्म्याचाच होता म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे 50 हजार. सूक्ष्म उद्यम सुरक्षेत 15 टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते. म्हणजे याच उदाहरणात 3 लाख 40 हजारांचा विमा असता, तर ही कपात झाली नसती.

तयार मालाची किंमत धरताना विक्रीची किंमत धरू नका. 3 हजारांना विकला जाणारा दिवा बनवायला काच, कथील-शिसं, वीज, मजुरी मिळून 1,200 रुपये लागत असतील, तर विम्याच्या हिशेबात तो 1,200 चा. भट्टी आणि यंत्रं मात्र आज नवी घ्यायची झाली तर काय पडेल, त्या किमतीला धरा. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी घरात माल दुपटीने साठतो. विमा रक्कम त्या भरलेल्या घरावरून ठरवा, रिकाम्या फळ्या पाहून नको. वर्षाच्या मध्येच मोठी ऑर्डर आली, तर जादा हप्ता भरून रक्कम वाढवून घेता येते.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. जुन्या वाड्याच्या खिडकीतली रंगीत तावदानं कुणी दुरुस्तीला आणून देतं. ती तुमच्या घरात असली तरी मालकी दुसऱ्याची आहे. असा विश्वासाने ठेवलेला माल पॉलिसीत वेगळा नमूद करून घ्यावा लागतो, नाहीतर दाव्याच्या वेळी तो हिशेबातून बाहेर राहतो. साचे, नमुने आणि आरेखनं यांचंही तसंच नाव घेऊन विचारा.

हा जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, त्यामुळे पुराचा विचार इथे कुणी फारसा करत नाही. पण नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडलं की गोदावरी कोपरगावात चढते. प्रवरा संगमनेरवरून नेवाशाकडे जाते, सीना अहिल्यानगर शहराला लागून वाहते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये जामखेड, पाथर्डी, शेवगाव या एरवी कोरड्या तालुक्यांनी अतिवृष्टी अनुभवली. काच पाण्याने खराब होत नाही हे खरं, पण पुठ्ठ्याची खोकी भिजून कोसळतात, भट्टीची विटांची अस्तरं पाणी पितात, रंग आणि रसायनं वाया जातात. पॉलिसीत पूर आणि वादळ आहे ना, हे वाचून पाहा, आणि तळमजल्यावर असाल तर माल जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. आभाळ भरून आल्यावर पळापळ करून उपयोग नसतो, कारण 1938 च्या विमा कायद्याप्रमाणे हप्ता कंपनीकडे जमा होण्याआधी जोखीम सुरू होत नाही.

चोरीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आगीच्या किंवा पुराच्या घटनेनंतर 7 दिवसांत त्या गोंधळात झालेली चोरी सूक्ष्म उद्यम सुरक्षेत येते, पण एरवीची घरफोडी येत नाही. घरफोडीच्या पॉलिसीची मुख्य अट अशी, की कुलूप, दार किंवा खिडकी तोडून चोर आत शिरल्याच्या खुणा हव्यात. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची बिनदाराची घरं देशभर माहीत आहेत आणि 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, याचीही चर्चा झाली. त्या गावात किंवा अशा उघड्या पडवीत काम करणाऱ्यांनी ही अट आधी नीट समजून घ्यावी. तोडफोडीची खूण नाही, तर दावा नाही, असा साधा हिशेब आहे. काचेच्या वस्तू चोर सहसा नेत नाहीत. ज्यांच्या घरी महागडी अवजारं किंवा रोख रक्कम नसते, त्यांनी हा खर्च मागे ठेवला तरी चालेल.

वीज आणि गॅस यांकडे विमा घेण्याआधीच पाहायला हवं. राहत्या घराच्या काही भागात धंदा करणाऱ्यांना महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दराची सवलत मिळत आली आहे, पण मासिक वापर 300 युनिट आणि वार्षिक 3,600 युनिट या मर्यादेत. 3 किलोवॉटची भट्टी पूर्ण क्षमतेने 5 तास चालली तर 15 युनिट होतात. आठवड्यातून तीनदा चालवली, तर घरचा वापर धरून मर्यादा जवळ येते. चालू दरपत्रक पाहा आणि गरज असेल तर जोडणी बदलून भार मंजूर करून घ्या. मंजूर भारापेक्षा जास्त ओढताना लागलेली आग सर्वेअरच्या नजरेतून सुटत नाही.

ज्योतीवर काम करणाऱ्यांनी 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नये. तो नियमभंग आहे. नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी स्वतः विमा काढलेला असतो, त्यात गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू आल्यास माणशी 6 लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. घरगुती सिलिंडर बर्नरला जोडलेला असेल, तर हे संरक्षणही धोक्यात येतं. 19 किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्या, पावती जपा. ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर उभा, साखळीने बांधलेला आणि तेल-ग्रीसपासून दूर ठेवा, त्याचा फोटो अर्जासोबत द्या.

घरातला माल त्या मानाने सुरक्षित असतो, खरी फूट रस्त्यावर होते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जायचं असो किंवा पुण्याच्या दुकानदाराला खोकी पाठवायची असोत, घराच्या पत्त्यावर काढलेला विमा उंबऱ्याबाहेर साथ देईलच असं नाही. प्रदर्शनाच्या जागेसाठी आणि वाहतुकीसाठी वेगळं संरक्षण मागा. रस्त्याने जाणाऱ्या मालाचा विमा कंपनीच्या मरीन विभागात मिळतो. त्यात अ, ब, क असे तीन प्रकार असतात. क मध्ये जवळजवळ फक्त आग आणि वीज, ब मध्ये गाडीची धडक आणि उलटणं वगैरे, अ मध्ये वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं. काचेसाठी अ घ्या आणि ‘तूट-फूट समाविष्ट’ हे शब्द पॉलिसीत आहेत का, ते शोधा. काही कंपन्या काचेच्या बाबतीत ते काढून टाकतात किंवा पहिल्या काही टक्क्यांचं नुकसान तुमच्याच अंगावर ठेवतात. अपुऱ्या पॅकिंगने झालेलं नुकसान तर कोणत्याच प्रकारात मिळत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या खोक्याचं पॅकिंग करताना फोटो काढा: आतलं वेष्टण, मधले पुठ्ठे, बंद खोकं, वजन. वर्षभर माल जात असेल तर एकेका फेरीऐवजी वार्षिक ओपन पॉलिसी सोयीची पडते.

ट्रान्स्पोर्टवाल्याला जबाबदार धरायचं असेल, तर 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरचं भांडण नोटीस ठरत नाही. कुरिअरच्या पावतीमागे त्यांची जबाबदारी किती रुपयांपुरती आहे हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते पाठवण्याआधी वाचा.

या सगळ्याच्या आधी जे करायला हवं, ते म्हणजे स्वतःच्या शरीराचा विमा. कारागीर उभा राहिला तर जळालेली खोली पुन्हा उभी राहते. काचेची किरच डोळ्यात गेली, तर कलाच थांबते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त 20 रुपये बँक खात्यातून जातात. 18 ते 70 वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे गमावल्यास 2 लाख, एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास 1 लाख. मुदत 1 जून ते 31 मे. ही रक्कम पुरेशी नाही, म्हणून ज्यांचं घर या कामावर चालतं त्यांनी खासगी अपघात विमाही घ्यावा आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला रक्कम मिळते का, ते विचारावं. भाजल्यावर हाताला महिना दीड महिना आराम लागतो, त्या वेळी तीच कामी येते. उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, कार्ड आजच काढून ठेवा. शिशाच्या डागाचा धूर किंवा काचेची धूळ यांनी हळूहळू होणारा त्रास मात्र अपघात विम्यात येत नाही. तिथे मास्क, चष्मा आणि उघडी खिडकी यांना पर्याय नाही.

मदतीला पगारी माणूस असेल, अगदी शेजारची एखादी ताई अर्धवेळ येत असेल, तरी कामावर झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर येते. त्यासाठी कर्मचारी भरपाई विमा असतो, तो घ्या. घरातल्या मुलांना भट्टी आणि कटरपासून लांब ठेवा.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही विचार हवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास बनवणाऱ्याची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात लिहिली आहे. टांगलेला दिवा सुटून कुणाच्या डोक्यावर पडला, तर विचारणा तुम्हालाच होईल. हॉटेल, शाळा किंवा मंदिरासाठी मोठी टांगती कामं करणाऱ्यांनी उत्पादन दायित्वाचा विमा घ्यावा. घरी वर्ग घेणाऱ्यांनी सार्वजनिक दायित्वाचा. फक्त रंगवलेल्या पणत्या विकणाऱ्याला यातलं काही नको. शिशाचा डाग दिलेली वस्तू खाण्यापिण्यासाठी विकूच नका, विमा असला तरी नको.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी पहिली. ती आधारवर मोफत होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत काचकाम नाही, त्यामुळे त्या वाटेने जाऊन वेळ घालवू नका. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून मिळणाऱ्या पेहचान कार्डासाठी मात्र चौकशी करा. भट्टीसाठी कर्ज काढलं असेल, तर बँक स्वतःच विमा उतरवते आणि भरपाई आधी तिच्याकडे जाते. त्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती फक्त कर्जाच्या वस्तूपुरती आहे की मालासकट, हे तिथेच कळेल.

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड या चार सरकारी कंपन्या आणि एखादी खासगी कंपनी, यांपैकी किमान तिघांकडून त्याच चार ओळींच्या वर्णनावर कोटेशन घ्या. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा. अडचणीचं काम असेल तर ब्रोकरकडे जाणं चांगलं. हप्त्याचा आकडा शेवटी पाहा. आधी काय वगळलं आहे ते पान वाचा.

नुकसान झालंच, तर साफसफाईआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, आगीत अग्निशमन दलाचा आणि चोरीत पोलिसांचा कागद मिळवा. फुटलेल्या काचा सर्वेअर येईपर्यंत टाकू नका. खरेदीची बिलं आणि मालाची वही मोबाइलवरही ठेवा, कारण कागदी वही मालाबरोबरच जळते.

दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीही फेटाळली किंवा तिला 30 दिवसांत उत्तरच आलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. अहिल्यानगर जिल्हा त्यांच्याच कक्षेत येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांवर निर्णय होतो. एकमालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही तिथे चालतात, म्हणूनसुद्धा उद्यम नोंदणी हाताशी असू द्या. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. व्यवसायासाठी घेतलेली विमा पॉलिसी असली तरी विमाधारक ग्राहक ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये हरसोलिया मोटर्स प्रकरणात सांगितलं आहे. त्यामुळे कार्यालयातून कुणी तोंडी ‘होणार नाही’ म्हणालं, तर तिथून परत फिरू नका. कारणासह नकार लेखी मागा, आणि तो मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज करा.